पहिल्या खणातली बहीण

कपाटात, अर्धवट विणलेल्या शालीत गुंडाळलेली मी एक हार्ड डिस्क. सध्या गप्प आहे. पण एके काळी एका टेबलाखाली माझी घरघर दिवसभर चालायची, आणि माझी गोष्ट त्याच घरघरीची आहे. तिच्यात माझ्या जुळ्या बहिणीचा हेवा फार येईल. आधीच सांगून ठेवते, म्हणजे मागाहून नावं ठेवू नका.

आम्ही दोघी एकाच कारखान्यात, एकाच पट्ट्यावरून उतरलो. दोघींच्या पोटात तशाच चकचकीत तबकड्या, तीच गरगर, तेच वजन. आम्हांला विकत घेणाऱ्या बाईंनी खोकं फोडलं आणि जी आधी हाताला लागली ती संगणकाला जोडलेल्या चार खणांच्या पेटीत पहिल्या खणात सरकवली. मी दुसऱ्या. बस्स, एवढ्यावर ती जन्माची पहिली झाली!

बाई माहितीपट करतात. काच फुंकणाऱ्या कारागिरांच्या एका भट्टीत त्या वर्षानुवर्षं कॅमेरा घेऊन जात होत्या. पुढे भट्टी विझली, तिथला म्हातारा कारागीर गेला. म्हणजे जे चित्रित झालं तेच उरलं, आणि ते सगळं आम्हां दोघींच्या पोटात होतं. जे बहिणीवर लिहिलं जाई तेच, त्याच घडीला, माझ्यावर. बाई त्याला आरसा म्हणत. "एकीला काही झालं तरी दुसरी आहे," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. सांगताना बोट मात्र पहिल्या खणावर. "ही माझी गुणाची." आणि मी? मी 'दुसरी'. दिवासुद्धा आधी तिचा लुकलुकायचा, मग माझा.

अशात बाईंची भाची दूरदेशी शिकून परत आली आणि कामाला लागायचं म्हणून थेट आमच्याकडे आली. मावशीचा स्टुडिओ म्हणजे काचेचं दार, गार हवा, ओळीनं लावलेले पडदे, असं काहीतरी चित्र तिनं मनाशी रंगवलं होतं. दार उघडलं तर शिवणयंत्रांच्या दुकानावरची एक खोली. खिडकीला जाड पडदा, एक डगमगती खुर्ची, टेबलाखाली आम्ही गुरगुरतोय, आणि मावशी पडद्यासमोर बसून लोकर विणतेय.

"मावशी, हे काय चाललंय?"

"दिसत नाही? शाल आहे."

"अगं, पण चित्र अडकलंय!"

"म्हणून तर विणतेय. मागच्या माहितीपटात दोन स्वेटर झाले. या वेळी तुझ्या आईला शाल मिळेल."

मुलगी हसली नाही. तिचे डोळेच भरून आले. "तुझं अर्धं आयुष्य वाट बघण्यात चाललंय, मावशी. आणि तुला त्याचं काहीच वाटत नाही! मी हे बदलणार."

"बदल बाई. पण आधी चप्पल काढ."

आठवडाभरात दोन नव्या डिस्का आल्या. माझ्या भाषेत सांगायचं तर दोन सवती. काळ्याभोर, तुळतुळीत. उरलेले दोन खण त्यांनी पटकावले. मुलगी त्यांना नाना तऱ्हांनी जोडून वेग मोजू लागली. आधी आरसा करून पाहिला. लिहिताना दोघींची चाल एकीइतकीच. मग तुकडे केले, म्हणजे चित्र चिरायचं, एक फोड एकीला, दुसरी दुसरीला, आणि दोघींनी एकदम धावायचं. वेग जवळजवळ दुप्पट! मुलगी खुर्चीतून उठून नाचली.

बाई विणता विणता म्हणाल्या, "म्हणजे आता चार डिस्क. चार आरसे झाले तर."

मुलगी आकड्यांत बुडालेली. "हूं," म्हणाली.

तो 'हूं' लक्षात ठेवा.

मग आम्हां जुन्या दोघींची परीक्षा झाली. बहीण बरी धावली. मी मागे पडले. माझ्या तबकडीवर एका कोपऱ्यात खरबरीत जागा आहे, तिथे मला दोनदा वाचावं लागतं. "ही सगळ्यांना मागे ओढेल," मुलगी म्हणाली. "तुकड्यांच्या पद्धतीत जी सगळ्यांत हळू, तिच्या चालीनं बाकीच्या चालतात." मला खणाबाहेर काढलं, एका तारेनं बाजूला जोडलं. बहिणीला कोरी करून नव्यांच्या पंगतीला बसवलं. तिघींची आणखी एक मांडणी झाली. तिच्यात तुकड्यांसोबत एक ताळाही ठेवायचा, म्हणजे एखादी गेली तर उरलेल्या दोघी तिचं पोट त्या ताळ्यावरून भरून काढतात. पण प्रत्येक वेळी लिहिताना तो ताळा नव्यानं मांडायचा, त्यात चाल मंदावली. "नको," मुलगी म्हणाली. "नुसते तुकडेच."

सगळं चित्रण माझ्यावरून त्या तिघींवर उतरवलं. मग माझी तार काढली, पाठीवर एक चिठ्ठी चिकटवली आणि मला फळीवर ठेवलं. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'पुसायची'.

फळीवरून पेटी समोरच दिसे. तीन दिवे एकाच वेळी लखलखायचे, आणि मधे माझा रिकामा खण, पडलेल्या दातासारखा. चित्र पाण्यासारखं वाहू लागलं. बाईंनी विणायचं सोडलं! लोकरीचा गुंडा टेबलाखाली घरंगळला तो तिथेच राहिला. "अगं, काय पळतंय हे!" असं म्हणून बाई हसल्या, तेव्हा माझ्या पोटात आग पडली. इतकी वर्षं मी त्यांचं ओझं वाहिलं, असं हसू कधी माझ्या वाट्याला आलं नाही. एकदा तरी अडखळा गं, असं मी तिघींना रोज मनातल्या मनात म्हणायचे. बहिणीला जरा जास्तच.

मुलगी येताजाता माझ्याकडे बघून म्हणायची, "हिला उद्या पुसते." आणि कामात विसरायची. माणसांची ही सवय मला पूर्वी आवडत नसे.

एका दुपारी तिसऱ्या खणातून आवाज आला. टक्. टक्. टक्. पडद्यावर भट्टीचं तोंड नारिंगी पेटलेलं होतं, ते गोठलं आणि काळं झालं. मुलीनं सगळं बंद करून पुन्हा चालू केलं. टक्. टक्.

"काय झालं गं?"

"एक नवी डिस्क गेली."

"मग जाऊ दे. बाकीच्या दोघींकडे आहे ना? आरसा आहे."

मुलीनं कळफलकावरचा हात काढला. मग म्हणाली, "आरसा नाहीये, मावशी."

"म्हणजे?"

"तिघींकडे तुकडे होते. अख्खं कुणाकडेच नाही. एक गेली की तिघी गेल्या."

"मी विचारलं होतं तुला. चार आरसे ना, म्हणाले होते. तू हूं म्हणालीस."

"मला वाटलं, तू गंमत करतेयस."

बाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या खाली वाकल्या, गुंडा उचलला आणि हातात घट्ट धरून बसल्या. "त्यात त्या म्हाताऱ्याचा श्वास आहे गं. नळीत फुंकतानाचा. मी जवळ माइक धरून टिपलाय. तो आता कुणाकडून फुंकून घेऊ?"

मुलगी भिंतीला टेकली. तिची नजर वर आली, फळीवर, माझ्यावर. चिठ्ठीवर.

"पुसलीस का तू तिला?" बाईंचा आवाज जेमतेम ऐकू आला.

"रोज उद्या म्हणत होते..."

तिनं मला खाली घेतलं. तार जोडली. मी अडखळले, खरबरीत जागेवर दोनदा धडपडले, आणि फिरू लागले. पडद्यावर नारिंगी उजेड आला. म्हाताऱ्यानं गाल फुगवले. नळीच्या टोकाला काच फुग्यासारखी फुलली, आणि त्याचा तो लांब, घोगरा श्वास खोलीभर ऐकू आला. बाईंनी तोंडावर हात ठेवला.

"मी गेले काही आठवडे जी दृश्यं जोडली ती मात्र गेली," मुलगी नाक पुसत म्हणाली. "यात फक्त मूळ चित्रण आहे."

"जोडणारे हात आहेत ना जागेवर? रड आता पोटभर, आणि मग कामाला लाग."

त्या संध्याकाळी चित्रण माझ्यावरून बहिणीवर उतरलं. किती वर्षं आम्ही एकच गोष्ट पोटात घेऊन फिरलो, आणि आता ती मला ओळखेना. म्हातारा कोण, भट्टी कुठली, तिला काही ठाऊक नव्हतं. मी पहिल्या दृश्यापासून एकेक सांगत गेले, ती मुकाट ऐकत गेली. वाटलं होतं, तिची अशी फजिती पाहून मजा येईल. आली नाही. बरं, थोडी आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी मावशीच्या आधी येऊन बसली होती. बाई आल्या तशी उठून उभी राहिली.

"माझं ठरलंय. आणखी दोन डिस्क आणायच्या. जोडीजोडीनं आरसे करायचे, आणि तुकडे त्या जोड्यांना वाटायचे. नुसत्या तुकड्यांइतका वेग नाही मिळणार."

"किती कमी?"

"एखादा पायमोजा विणून होईल, इतका."

"चालेल. थंडी येतेच आहे."

"आणि आरशावरही विसंबायचं नाही. चुकून काही पुसलं तर आरशातही तेच पुसलं जातं. एक प्रत या खोलीच्या बाहेर हवी. बंद, शांत, कुणाचा हात न लागणारी. ती आईच्या कपाटात ठेवायची."

मला वाटलं, आता तरी पहिला खण माझा! कसचं काय. तिथे पुन्हा बहीणच. मुलीनं माझ्या पाठीवरची चिठ्ठी नखानं खरवडली, बाईंनी अर्धवट शाल पुढे केली, आणि मी इथे आले.

इथे दिवा नाही, वेग नाही, कुणाचं हसू नाही. हेवा अजून आहे. पण तिकडे पेटीत बहीण आज जो श्वास ऐकवते तो माझ्याकडून गेलेला आहे, हे तिला माहीत आहे आणि मला माहीत आहे. एकच मागणं आहे. अधूनमधून मला बाहेर काढा, तार जोडा, घटकाभर फिरू द्या. फार दिवस निजलेल्या डिस्का कधी कधी उठत नाहीत. आणि फिरवाल तेव्हा, जमलं तर, पहिल्या खणात ठेवून फिरवा.