बकऱ्याच्या डोक्यावरचे हात

मी इंग्रजी वाक्प्रचारांचा कोश बोलतोय. तपकिरी बांधणी, सातशे बारा पानं, आणि कण्यावर चिकटपट्टी. आवाज जरा चढलेला वाटेल, पण इलाज नाही. ज्याच्या पोटात अर्थ भरलेले आहेत, त्याच्या डोळ्यांदेखत दिवसभर अनर्थ चालला असेल, तर त्याने गप्प कसं बसायचं?

माझा जन्म एका निवृत्त मास्तरांच्या जेवणाच्या टेबलावर झाला. एकोणीस वर्षं ते बुटांच्या रिकाम्या खोक्यांत चिठ्ठ्या साठवत होते. ज्यू आणि ख्रिस्ती धर्मग्रंथांतून इंग्रजीत आलेल्या वाक्प्रचारांवर त्यांचा विशेष जीव. "शब्दालाही आईबाप असतात," ते बायकोला सांगायचे. ती म्हणायची, "असतील, पण त्यांना आता टेबलावरून उठवा. मला ताटं मांडायचीत."

मी छापून बाहेर पडलो आणि दोनच महिन्यांत मास्तरांना एक पत्र आलं. एका अनोळखी बाईंनी माझ्यातल्या एक्केचाळीस चुका पानांच्या आकड्यांसह कळवल्या होत्या. मास्तर दिवसभर घुश्शात होते. संध्याकाळी त्यांनी सगळ्या चुका तपासल्या, एक्केचाळीसच्या एक्केचाळीस खऱ्या निघाल्या, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी मला कागदात गुंडाळून त्या बाईंना भेट पाठवलं.

त्या म्हणजे प्रूफबाई. एका छापखान्यात मुद्रितं, म्हणजे छपाईआधीची कच्ची प्रुफं, तपासायचं त्यांचं काम, म्हणून सगळे त्यांना याच नावाने हाक मारत. औषधांच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला पातळ कागद असतो ना, किती घ्यायचं, कधी घ्यायचं सांगणारा, तो आमच्याकडे छापला जाई. बाई लाल पेन घेऊन भिंग सरकवत ओळ न् ओळ वाचत. कामाला माझी गरज नसे. दुपारचा डबा खाताना मात्र त्या मला उघडत आणि एक पान चवीने वाचत.

माझं सुख तिथवरच. कारण पलीकडच्या काचेच्या खोलीत साहेब बसत. साहेब म्हणजे मालकीणबाईंचा भाचा, छापखान्याचा व्यवस्थापक. त्यांना इंग्रजी वाक्प्रचारांची भारी हौस. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण निदान अर्थ तरी असावा!

त्यांनी छपाईच्या खोलीत एक फलक लावला होता : 'गो द एक्स्ट्रा माइल.' म्हणजे सुटीची वेळ झाली तरी थांबा, राबा. मी तो रोज बघायचो आणि आतल्या आत जळायचो. अहो, परक्या राज्याचा शिपाई वाटेवरच्या गरिबाला धरून आपलं ओझं एक मैल वाहायला लावायचा. त्या गरिबाला येशूने सांगितलं, एक मैल तो तुला नेईल, दुसरा तू आपल्या मर्जीने जा, म्हणजे तू त्याचा गुलाम उरणार नाहीस. ते ओझं वाहणाऱ्याचं मानाने चालणं होतं. आणि इथे ते शिपायानेच पाटी करून भिंतीला ठोकलं होतं!

मशीनवाले काका एकदा बाईंना म्हणाले, "बाई, या पाटीत काय लिहिलंय?"

"मोफत काम करा, असं लिहिलंय," बाई म्हणाल्या.

"मग मराठीत लिहायला काय झालं होतं?"

"मराठीत लिहिलं असतं तर तुम्ही वाचलं असतं."

आता जे घडलं ते सांगतो. मुलांच्या तापाच्या औषधाचं पत्रक छपाईला आलं. मात्रा होती अडीच मिलिलिटर, आकड्यात २.५. अक्षरं जुळवताना मधला ठिपका गळला आणि झालं २५. बाईंनी ते पकडलं, लाल पेनाने गोल केला आणि समासात लिहिलं, 'ठिपका! दहापट मात्रा होईल. थांबवा.' तो कागद माझ्याच अंगावर ठेवून लिहिला होता, पेनाचा दाब अजून माझ्या पुठ्ठ्यावर आहे.

प्रूफ साहेबांच्या टेबलावर गेलं. त्याच दिवशी पत्रकं छापून बाहेरही पडली. पंचवीस मिलिलिटरची.

एका चार वर्षांच्या मुलीला तिच्या आईने कागदावर लिहिल्याप्रमाणे औषध पाजलं. मुलगी सहा दिवस इस्पितळात होती. वाचली, पण त्या सहा दिवसांचा हिशोब कोण देणार?

चौकशी साहेबांकडेच आली. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! प्रूफचा कागद सापडेना. साहेबांनी झोकदार इंग्रजीत अहवाल लिहिला आणि त्यात बाईंविषयी एक वाक्य टाकलं : 'शी इज द स्केपगोट.' या साऱ्या प्रकरणातली स्केपगोट हीच बाई आहे, हिला कामावरून काढावं.

मालकीणबाईंनी सगळ्यांना खोलीत बोलावलं. मुलीची आईही आली होती, पर्स छातीशी घट्ट धरून. बाई मला बरोबर घेऊन आल्या. साहेबांनी अहवाल वाचला.

"स्केपगोट म्हणजे काय?" मालकीणबाईंनी विचारलं.

"एस्केप, मावशी. जबाबदारीतून पळ काढणारी व्यक्ती. खरा गुन्हेगार."

माझी सातशे बारा पानं एकदम फडफडली असती, मिटलेला नसतो तर! बाईंनी मला शांतपणे उघडलं आणि मास्तरांनी लिहिलेलं मोठ्याने वाचलं. फार जुन्या काळी वर्षातून एकदा पुरोहित एका जिवंत बकऱ्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवायचा, सगळ्या लोकांची पापं बोलून त्याच्यावर घालायचा आणि बकऱ्याला रानात हाकलून द्यायचा. बकऱ्याने काहीच केलेलं नसायचं. आणि हात ठेवणाऱ्याला ते ठाऊक असायचं.

"म्हणजे आपल्याकडे बळीचा बकरा म्हणतात तसंच," मालकीणबाई हळूच म्हणाल्या. त्यांनी अहवाल पुन्हा हातात घेतला. "भाच्या, तू स्वतः सही करून लिहिलंयस की ही बाई निर्दोष आहे. मग पापं कोणाची?"

साहेब हसले. "मावशी, आता शब्दाचा कीस कशाला? आय वॉश माय हँड्स ऑफ इट."

म्हणजे, माझा याच्याशी संबंध नाही. हेही माझ्याच पोटातलं! समोर उभा असलेला येशू निरपराध आहे हे कळत असूनही एका रोमन सुभेदाराने त्याला मृत्यूच्या हवाली केलं आणि गर्दीसमोर पाण्याने हात धुतले. ज्या कृत्याची शरम वाटायची, ते हे महाशय अभिमानाने सांगत होते.

तेवढ्यात मुलीची आई उठून उभी राहिली. "मला इंग्रजी येत नाही," ती म्हणाली. "ठिपका कोणी घालवला, तेवढं सांगा."

 मग मशीनवाले काका पुढे आले. त्यांच्या बोटांना शाई होती.

"ताई, बाईंनी ठिपका धरला होता. मी माझ्या डोळ्यांनी लाल गोल पाहिला. साहेब म्हणाले, माल आजच गेला पाहिजे, चालव मशीन. मी चालवलं. नोकरीची भीती वाटली. नंतरही गप्प बसलो. बाईंच्या डोक्यावर एक हात माझाही आहे."

आई त्यांच्याकडे वळली. "तुम्हाला मुलं आहेत?" तिने विचारलं. काकांनी होकारार्थी मान हलवली आणि ते ढसाढसा रडले. तिने त्यांना माफ केलं नाही. का करावं?

न्याय झाला, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. बाजारातली सगळी पत्रकं परत मागवली, बाईंची नोकरी राहिली, पण साहेबांना फक्त कागदखरेदीच्या खात्यात हलवलं. रक्ताचं नातं ना! नव्या अहवालात लिहिलं, 'अनवधानाने चूक झाली.' या अनवधानाला नाव नाही, गाव नाही.

वर साहेब बाईंना उपदेश करायला आले, "टर्न द अदर चीक, बाई. मोठ्या मनाने सोडून द्या."

"गाल माझा आहे," बाई म्हणाल्या. "पुढे करायचा की नाही, ते मी ठरवेन. मारणाऱ्याने सुचवायचं नसतं." आणि त्यांनी मालकीणबाईंकडून लिहून घेतलं की यापुढे तपासणाऱ्याच्या सहीशिवाय एकही पत्रक छापलं जाणार नाही. मुलीच्या आईला त्याची प्रत स्वतः नेऊन दिली.

बाई पुढच्या महिन्यात निवृत्त होतील. त्यांचे डोळे थकलेत, माझी अक्षरं आता त्यांना भिंगातूनही नीट दिसत नाहीत. मला कोणाकडे ठेवायचं, याचा त्या विचार करताहेत. मी कोणाकडेही जाईन. फक्त काचेच्या कपाटात शोभेला ठेवू नका. आणि रागाच्या भरात माझ्यातला एखादा शब्द कोणाला फेकून मारावासा वाटला, तर आधी त्याचं पान उघडून वाचा. वाचूनही राग गेला नाही, तर शब्द राहू द्या, खुशाल मलाच फेका. मी चांगला जाड आहे, आणि माझा मार निदान डोक्याच्या आत तरी जाणार नाही.