हातचं

वाल्देलिसने पहिले सात छोटे वडे तेलातून काढले, कागदावर निथळले आणि चौकाच्या कोपऱ्यावर रस्त्याच्या देवाच्या नावाने ठेवून आली. मग ती स्टुलावर बसली, पांढऱ्या झग्याचा घोळ गुडघ्यांभोवती आवरला आणि लाकडी डावाने पीठ पुन्हा फेसायला घेतलं. एकोणीस वर्षांनी ती या स्टुलावर बसली होती. हात मात्र काहीच विसरले नव्हते.

ठेला आईचा. साल्वादोर शहरातल्या या चर्चसमोर आईने तीस वर्षं आकाराजे तळले. सोललेल्या चवळीचं पीठ फेसून लाल पाम तेलात सोडलेले वडे, मधोमध चिरून आत सोडे आणि तिखट. आई गेल्यावर थोरली म्हणून वाल्देलिस बसायला लागली आणि चारच वर्षांत तिच्या बोटांच्या पेरांवर कोड फुटलं.

आई दोघी मुलींना आंघोळीनंतर खोबरेल चोळायची. काळं कातडं कोरडं ठेवलं की राखाडी दिसतं, म्हणायची. तसल्या तुकतुकीत काळ्या हातांवरचे पांढरे ठिपके रस्त्यापलीकडूनही दिसत. एका बाईने पुढे आलेला आपल्या मुलीचा हात मागे ओढला. "त्या हातचं नको. लागतं ते." सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहून दिलं, की हा रोग लागत नाही. वाल्देलिसने तो कागद ठेल्यावर चिकटवला. लोक थांबून कागद वाचत आणि वडा न घेता पुढे जात. दोन महिन्यांनी धाकटी निवाल्दा म्हणाली, "औषध लागू पडेपर्यंत मी बसते."

औषध लागू पडलं नाही. वाल्देलिस मागच्या खोलीत गेली. चवळी भिजवायची, सोलायची, वाटायची, सोडे निवडायचे. चौक तिच्याच हातचं खात राहिला. फक्त हात कुणाला दिसत नव्हते.

ठिपक्यांचे चट्टे झाले, चट्टे एकमेकांना मिळाले. गेल्या वर्षी डाव्या कोपराखालचा शेवटचा काळा तुकडाही गेला. भुवया पांढऱ्या झाल्या. रुंद नाकाची, जाड ओठांची गोरी माणसं या शहरात गल्लोगल्ली आहेत, त्यांच्याकडे कुणी वळून बघत नाही. आता तिच्याकडेही कुणी बघेनासं झालं होतं.

आणि आज सकाळी निवाल्दाचा गुडघा सुजून टम्म झाला.

"आज मी बसते," वाल्देलिस म्हणाली.

निवाल्दाने बर्फाची पिशवी गुडघ्यावरून उचलली. "तू? उन्हात?"

"चारनंतर, छत्रीखाली. मलम थापीन चांगलं."

"राहू दे गं देली. एक दिवस बंद ठेवू."

"शुक्रवारी? गर्दीच्या दिवशी कुणी ठेला बंद ठेवतं?"

"लोकांना माझी सवय आहे."

"माझीही होती."

वाल्देलिसने दोन्ही हात तिच्यापुढे धरले, आधी पालथे, मग उलथे.

"बघ ना. आता तर सगळे एकसारखे आहेत. आता कुणाला काय दिसणार?"

निवाल्दाने पाहिलं आणि पिशवी पुन्हा गुडघ्यावर ठेवली. "आईचा झगा वरच्या खणात आहे," एवढंच म्हणाली.

पहिला अर्धा तास थंड गेला. मग पलीकडच्या उंच इमारतीतली एक बाई आली. हातात किल्ल्या, पायाशी केसाळ कुत्रं.

"चार द्या. नवीन आलात वाटतं?"

"हो," वाल्देलिस म्हणाली.

"बरं झालं. मला कुणाच्याही हातचं नाही हो खाववत." तिने हनुवटीने स्टुलाकडे खूण केली. "आधी जी बसायची ना... म्हणजे बोलायला चांगली होती. पण तुमचे हात बघून कसं स्वच्छ वाटतं."

वाल्देलिसच्या हातातला झारा तेलावर थांबला. स्टुलावर बसणारी ती माझी सख्खी बहीण, आणि हे हात त्याच आईचे, एवढंच म्हणायचं होतं. वडा लाल झाला. तिने तो काढला, चारही वड्यांत भरपूर सोडे भरले आणि बाईचे आभार मानले. बाई गेल्यावर मात्र ती कितीतरी वेळ फडक्याला हात पुसत राहिली.

पाच वाजता कॉलेज सुटलं आणि रांग लागली. रांगेच्या तोंडाशी बारीक वेण्यांची एक मुलगी होती, खांद्याला पुस्तकांची पिशवी. ती निवाल्दासारखीच काळीभोर होती. तिने कढईकडे पाहिलं, डोक्याला बांधलेल्या पांढऱ्या फडक्याकडे पाहिलं, मग वाल्देलिसच्या चेहऱ्याकडे.

"मावशी कुठायत?"

"आज मीच आहे. एक देऊ?"

"तुम्ही?" मुलगी हसली, पण ते हसू बरं नव्हतं. "हे पण घेतलंत का आता? आमच्या आज्या याच चौकात तळायला बसायच्या तेव्हा पोलीस उठवायचे त्यांना. आता लोकांना चव लागली, तर कढईमागे तुम्ही गोऱ्या. झगासुद्धा आमचाच."

"माझ्या आईचा ठेला आहे हा."

"आणि आईला कुणी शिकवलं? घरच्या मोलकरणीने?"

मागचे दोघे खिदळले. कुणीतरी म्हणालं, "बरोबर बोलतेय पोरगी."

वाल्देलिसने बाही वर सारली. का, ते तिलाच कळलं नाही. कोपरापर्यंत हात उघडा पडला आणि तिथे दाखवण्यासारखं काहीच नव्हतं. सगळ्या अंगावर दाखवायला एकही काळी जागा उरली नव्हती. तिने बाही खाली ओढली. मुलीचा राग येत नव्हता, हेच अवघड होतं. पोरगी बोलत होती ते खरंच होतं, फक्त भलत्याच बाईला बोलत होती.

"वडा हवाय का?" तिने विचारलं.

"तुमच्याकडून नको."

तेवढ्यात रांगेतले चेहरे एकदम उजळले. निवाल्दा काठी टेकत, लंगडत चौक ओलांडून येत होती. घरी बसवलं नसावं तिला.

"मावशी!" मुलगी ओरडली. "अहो, या बाई कोण? ठेला विकलात की काय?"

निवाल्दा उभी राहिली. तिने वाल्देलिसकडे पाहिलं, मग रांगेकडे. रांग चर्चच्या पायऱ्यांपर्यंत गेली होती.

"छे गं," ती म्हणाली. "मदतीला ठेवलीय. गुडघा धरलाय ना माझा."

"असं होय!" मुलगी मनापासून हसली. "काळ्या बाईकडे गोरी कामाला! मग चालेल, मावशी. दोन द्या मला."

सगळी रांग हसली. निवाल्दाही हसली.

वाल्देलिस उठली. निवाल्दा स्टुलावर बसताना तिच्या कानाशी पुटपुटली, "घरी बोलू. सांगत बसले असते तर सगळं कोड-बिड निघालं असतं. रांग उठून गेली असती."

वाल्देलिसने मान हलवली. बाटलीतल्या पाण्याने हात धुतले, डोक्याचं फडकं सोडून घडी केली, ठेल्याला वळसा घातला आणि रांगेच्या कडेने चालत गेली. निवाल्दाला वाटलं, घरी निघाली. मग तिने मान खाली घालून डाव उचलला.

वाल्देलिस शेवटच्या माणसामागे जाऊन उभी राहिली. तिच्यामागे आणखी दोघे-तिघे येऊन लागले. रांग हळूहळू पुढे सरकत होती. चर्चवरचं ऊन विटकरी झालं, मग गेलं.

"तिखट घालू?" निवाल्दाने वर न बघताच विचारलं.

"घाला, बाई," वाल्देलिस म्हणाली.

सुरी वड्यात अर्ध्यावर थांबली.

"देली, असं काय करतेस—"

"मागे माणसं खोळंबलीत."

निवाल्दाने वडा चिरला. त्यात सोडे भरले, कडेने सांडेपर्यंत भरले, आणि कागदात गुंडाळून पुढे केला. वाल्देलिसने नोट टेबलावर ठेवली. निवाल्दा त्या नोटेकडे बघत राहिली.

"चला ना, बाई," मागून कुणीतरी म्हणालं.

निवाल्दाने नोट डब्यात टाकली, सुटे पैसे काढले आणि पुढे आलेल्या त्या पांढऱ्या तळहातावर वरूनच सोडले.