भागूबाईची टाकी

घरात तिला सगळे भागूबाई म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. ती भित्रीच होती. पालीला भ्यायची, कुत्र्याला भ्यायची, कुकरची शिट्टी व्हायची वेळ आली की स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहायची. रस्ता ओलांडताना इकडे बघून, तिकडे बघून पुन्हा इकडे बघायची, तोवर नवरा पलीकडे पोचून हातवारे करत असायचा. लग्नानंतर महिनाभरातच सासरच्यांनी हे नाव ठेवलं आणि तिनंही ते हसून घेतलं. भित्रं माणूस म्हणजे मूर्ख माणूस, असं काही कुठे लिहून ठेवलेलं नाही. पण हे तिच्या सासऱ्यांना सांगणार कोण?

सासरे म्हणजे कारखान्यातले जुने वायरमन, पुढे फोरमन, आता निवृत्त. घरातली वायरिंग त्यांनी स्वतःच्या हातानं केलेली. भिंतीवरची कुठलीही वायर बघा, ओळंबा लावल्यासारखी सरळ. क्लिपा सारख्या अंतरावर. घरात नवा माणूस आला की त्याला बसायला सांगण्याआधी बोर्ड दाखवला जाई. या घरात देवाला एकवेळ नावं ठेवली असती तर चाललं असतं, वायरिंगला ठेवलेली चालत नसत.

भागूबाई चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. घासायचं चाक विजेवर फिरतं, चाकावर सतत पाण्याची धार, आणि त्या दोघांच्या मध्ये हिची बोटं. काचेच्या कडांनी बोटांवर कायम बारीक चिरा. दुकानाचा मालक सगळ्या बाबतीत ढिला, फक्त दोन बाबतींत खमक्या. मशिनची वायर प्लगच्या खाली लोंबली पाहिजे आणि मग वर चढली पाहिजे, म्हणजे पाण्याचा ओघळ आलाच तर खालच्या वळणावरून जमिनीवर ठिबकेल, प्लगमध्ये शिरणार नाही. आणि भिंतीवर सेफ्टी स्विच पाहिजे. वीज भलतीकडे गळायला लागली की हा पठ्ठ्या खटकन पडतो आणि सगळं बंद करून टाकतो. कुकरला भिणारी ही बाई त्या चाकापाशी दिवसभर बिनघोर बसायची, ती या दोन गोष्टींच्या भरवशावर.

हॉलमधली माशांची टाकी तिची. हौसेनं आणलेली, स्वतः लावलेली. आत एंजल मासे, तळाला वाळू, मागे हिरवी रोपं. एक फिल्टर, एक हवेचा पंप आणि पाणी कोमट ठेवणारा काचेच्या नळीतला हीटर. कामावरून आल्यावर हातपाय धुवायचे, बाही वर करायची आणि टाकीत हात घालून काचेवरचं शेवाळ पुसायचं. मासे बोटांभोवती यायचे, एखादा तोंड लावून बघायचा. दिवसभराचा शीण तिथे उतरायचा. एवढी भित्री बाई, पण कोपरापर्यंत हात त्या पाण्यात घालताना तिच्या मनात भीतीचा लवलेश नसायचा. तेवढंच एक सुख तिनं स्वतःचं म्हणून ठेवलं होतं.

पहिली ठिणगी पडली ती वायरींवरून. तिनं दुकानातल्यासारखं प्लगचा बोर्ड टाकीपेक्षा वर भिंतीवर लावून घेतला आणि तिन्ही वायरी खाली लोंबत्या सोडल्या. दुसऱ्या दिवशी बघते तर सासऱ्यांनी तिन्ही वायरी ताणून सरळ केलेल्या, वर क्लिपा ठोकलेल्या.

"बाबा, ते मुद्दाम लोंबतं ठेवलं होतं."

"लोंबती वायर म्हणजे आळशी माणसाचं काम," सासरे म्हणाले. "माझ्या भिंतीवर चालायचं नाही."

तिनं क्लिपा उपटल्या. त्यांनी पुन्हा ठोकल्या. असं काही दिवस चाललं. कुणी कुणाशी भांडत नव्हतं, दोघंही एकमेकांची पाठ फिरायची वाट बघत होते. शेवटी सासरे कंटाळले आणि वायरी लोंबत्या राहिल्या, पण तेव्हापासून त्या भिंतीकडे बघून ते दिवसातून एकदा तरी सुस्कारा सोडत.

मग जुना हीटर गेला, नवा आला, आणि घरातला सेफ्टी स्विच पडायला लागला. टीव्हीवर मॅच रंगात आली की खट्. पाणी तापत ठेवलं की खट्. सासरे वैतागले. "म्हातारा झालाय हा स्विच," त्यांनी सगळ्यांसमोर निदान केलं, स्टूलवर चढले, स्विच काढून ड्रॉवरमध्ये टाकला आणि वायरी थेट जोडून टाकल्या. दिवे जायचे थांबले. सासूबाईंनी कौतुक केलं, नवऱ्यानं कौतुक केलं.

त्यानंतर एका संध्याकाळी भागूबाईनं टाकीत हात घातला आणि बोटांच्या चिरांमधून झिणझिण्या आल्या. मनगटापर्यंत. तिनं हात झटकन बाहेर काढला. पाच मिनिटं तशीच उभी राहिली, मग धीर करून एक बोट बुडवलं. पुन्हा तेच.

जेवताना तिनं सांगितलं, "टाकीच्या पाण्यात करंट येतोय."

आधी नवरा हसला, मग सासूबाई हसल्या. सासरे हसले नाहीत, त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या.

"या घरात? करंट?"

"मला बसला ना, बाबा."

"तुला काय, आरशात बघितलं तरी बसेल," नवरा म्हणाला, आणि पुन्हा हशा पिकला. तिला इतका राग आला की तिनं ताट पुढे सरकवलं. पालीला भिते म्हणून हसा, खुशाल हसा. पण हात माझा आहे, झिणझिण्या मला आल्यात, आणि त्या आल्या की नाही हे ठरवणार तुम्ही?

त्या दिवसापासून तिनं टाकीत हात घातला नाही. शेवाळ वाढलं. काच हिरवी झाली. ती रोज सांगायची, तो स्विच परत बसवा, आणि रोज तेच उत्तर यायचं, स्विच खराब आहे. शेवटी सासऱ्यांनी तोडगा काढला तो असा की माशांच्या दुकानदाराला फोन करायचा, रविवारी संध्याकाळी येऊन टाकी घेऊन जा म्हणायचं. टाकी गेली की हिची भीती गेली, घर शांत.

"टाकी माझी आहे," ती म्हणाली.

"घर माझं आहे," सासरे म्हणाले.

नवरा फोन चाळत बसला. त्याचं नेहमीचंच, तळ्यात की मळ्यात.

रविवारी दुपारी जेवणं उरकल्यावर ती हॉलमध्ये येऊन उभी राहिली. सासरे खुर्चीत, सासूबाई पलंगावर, नवरा फोनमध्ये डोकं घालून. "टाकी द्यायच्या आधी एकदा पाणी तपासा," ती म्हणाली. "एवढंच मागतेय."

"टेस्टर लावा ना बाबा, मिटवून टाका," नवरा फोनमधून डोकं न काढता म्हणाला.

"टेस्टर कशाला? माझा हात काय टेस्टरपेक्षा कमी आहे?" सासरे उठले, टाकीपाशी गेले आणि सरळ मनगटापर्यंत हात बुडवला. वर ढवळलंसुद्धा. "हे बघा. कुठाय करंट?"

भागूबाईनं त्यांच्या हाताकडे बघितलं नाही. पायांकडे बघितलं. पायात जाड रबरी चपला, विजेला जमिनीत उतरायला वाट न देणाऱ्या. घरात सगळेच चपला घालत, अनवाणी फिरायची ती फक्त तिला सवय.

"चपला काढा," ती म्हणाली.

"काय?"

"चपला काढा आणि मग घाला हात."

हे फारच झालं. सासऱ्यांनी एक चप्पल इकडे भिरकावली, एक तिकडे. टाकीखालची फरशी नेहमीसारखी ओली होती. त्यावर त्यांनी अनवाणी पाय रोवला, बाही वर सारली आणि हात पुढे केला.

एक क्षण थांबायचं होतं, बस. भागूबाईचं म्हणणं खरं ठरलं असतं, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. पण ती किंचाळली, दाराशेजारच्या मेन स्विचकडे धावली आणि दांडी खाली ओढली. पंखा मंदावला. पंपाचे बुडबुडे थांबले.

"घाबरली!" नवरा म्हणाला. "ऐन वेळी घाबरली."

"बघितलंत?" सासरे म्हणाले. "आता माझा हात पोचायच्या आत बंद केलं, कारण हिला ठाऊक होतं काही निघणार नाही. संपला विषय." ते तसेच मेन स्विचकडे निघाले. ती बाजूला झाली. त्यांनी दांडीवर हात ठेवला.

तिला रडू येत होतं. ज्या माणसाचा जीव सांभाळला, तोच हसतोय. आणि मग त्या रडण्याच्या तळाशी काहीतरी टणक लागलं. ती टाकीपाशी गेली. ओल्या फरशीवर अनवाणी उभी राहिली, बाही वर केली आणि चिरा पडलेला हात कोपरापर्यंत पाण्यात घातला.

"करा चालू," ती म्हणाली.



"अगं काय वेडेपणा लावलायस?" नवरा उठला.

"जवळ यायचं नाही," ती म्हणाली. तिनं नवऱ्याशी असा आवाज कधी लावला नव्हता. तो होता तिथेच थांबला. "बाबा, करा ना चालू. करंट नाहीये ना? वायरिंग तुमची आहे. मी भित्री आहे. मग थांबलात कशाला?"

सासऱ्यांची बोटं दांडीवरच होती.

"हात काढ."

"का?"

"काढ म्हणतो ना!"

"कारण सांगा, काढते." मासे रोपांमागे जाऊन लपले होते. "भीती वाटतेय मला. तरी उभी आहे. तुम्ही नुसती दांडी वर करायची, तीही होईना तुमच्याकडून?"

सासूबाई उठून बसल्या होत्या. त्या सुनेकडे बघत नव्हत्या. सासऱ्यांच्या हाताकडे बघत होत्या, आणि तो हात वर जात नव्हता. जन्मभर विजेशी खेळलेला माणूस, स्वतःचा हात बेधडक घालायला निघालेला, आणि आता एक दांडी त्याला उचलवत नव्हती. सासऱ्यांनी दांडी सोडली. हात खाली आला.

"हीटर," ते म्हणाले. "हीटर लावला की पडायचा स्विच. काढला की नाही पडायचा. मी बघितलं होतं."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं."

"शंका होती."

"आणि मी रोज सांगत होते तेव्हा?"

सासरे भिंतीकडे बघत राहिले. "सगळ्यांसमोर म्हणून बसलो होतो, स्विच खराब आहे म्हणून," ते म्हणाले. "मग कसं फिरवणार?"

"अहो, त्या टाकीखालची फरशी मी रोज पुसते," सासूबाई म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या, पण सासऱ्यांनी मान खाली घातली.

भागूबाईला वाटलं होतं, हे ऐकून बरं वाटेल. काही बरं वाटलं नाही. उलट आत्ता खरा संताप आला, डोळ्यांत पाणी आणणारा. मूर्ख असते तर परवडलं असतं. हा माणूस जाणून होता आणि तिला सगळ्यांच्या हसण्यात सोडून गंमत बघत होता.

"स्विच बसवा," ती म्हणाली.

"बसवतो. आधी हात काढ."

"आधी स्विच बसवा." मग नवऱ्याकडे वळून, "आणि तू त्या दुकानदाराला फोन कर. टाकी जात नाही म्हणून सांग."

नवऱ्यानं फोन लावला. सासऱ्यांनी ड्रॉवर उघडला, स्टूल ओढलं, पक्कड आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन वर चढले. भागूबाई हलली नाही. पाणी गार होत चाललं होतं, हाताला मुंग्या यायला लागल्या, साध्या, अवघडल्याच्या. सासूबाई तिच्याजवळ आल्या.

"जिंकलीस गं बाई. काढ आता हात."

"जिंकायला नव्हता घातला," ती म्हणाली. "माझ्या टाकीत मला हात घालता यावा, एवढंच म्हणत होते मी."

शेवटचा स्क्रू बसला. सासरे खाली उतरले आणि मेनपाशी जाऊन थांबले. तिनं हात बाहेर काढला, टॉवेलनं कोरडा केला, पाय कोरडे केले, चपला घातल्या. सगळं सावकाश. सगळे थांबले होते, तर थांबू देत.

"करू चालू?" सासऱ्यांनी विचारलं.

"करा."

दांडी वर गेली आणि सेफ्टी स्विच खटकन पडला. भागूबाईनं हीटरचा प्लग उपटला, नळी पाण्यातून वर काढली आणि दिवसभर काचा तपासणाऱ्या डोळ्यांनी उजेडात धरून बघितली. काचेला वरच्या टोकाशी केसाएवढी चीर गेली होती. तिनं ती सासऱ्यांपुढे धरली. त्यांनी बघितली.

"आता पुन्हा करा."

या वेळी स्विच टिकला. पंपानं उचकी दिल्यासारखे दोन बुडबुडे सोडले आणि मग धार सुरू झाली. सासऱ्यांना वाटलं असावं की आता ती काहीतरी गोड बोलेल, जाऊ दे म्हणेल, चहा टाकेल. ते वाट बघत उभे होते.

"यापुढे मी करंट बसला म्हटलं," ती म्हणाली, "तर आधी मेन बंद करायचा. मग काय हसायचं ते हसा."

सासऱ्यांनी मान हलवली.

"नुसती मान नको, बाबा. तोंडानं म्हणा."

"हो," सासरे म्हणाले.

ती नवऱ्याकडे वळली आणि तोही 'हो' म्हणेपर्यंत तिथेच उभी राहिली.