पुढच्या दाताची जागा

"आ करा, बाई. अजून थोडं."

सकुबाईंनी तोंड उघडलं. आरसा आत गेला आणि मितालीचा हात थबकला.

दोन आठवड्यांपूर्वी शहापूरच्या याच दवाखान्यात तिने सकुबाईंचा वरचा, पुढचा मोडका दात काढला होता. खड्ड्यात हाडाची भुकटी भरून टाके घातले होते. "इथलं हाड कागदासारखं पातळ असतं. दात गेला की ते झिजतं, मागोमाग हिरडी वर सरकते. आधी जागा राखायची, मग चार-सहा महिन्यांनी स्क्रू बसवून दात लावायचा. तोवर तंबाखू, मिश्री बंद," तिने तेव्हा बजावलं होतं.

"मिश्री नि मी? अठ्ठावीस वर्सं अंगणवाडीत पोरांना दात घासायला शिकवते गो!" सकुबाई हसल्या होत्या. डोळखांबच्या त्या पोरांत एके काळी मितालीही होती.

आता टाके उसवले होते, भुकटी निघून गेली होती, हिरडी पांढरट पडून वर ओढली गेली होती.

"माझाच टाका ढिला बसला असणार," मिताली पुटपुटली.

मोठे डॉक्टर जगदीश वाकून बघत होते. "पहिलीच केस, तीही घालवलीस? यापुढे पुढच्या दातांना हात लावायचा नाही."

मितालीने मान खाली घातली. सकुबाईंनी तोंडातला कापूस बोटाने काढला.

"डॉक्टर, तिचं नाय चुकलं. मी मिश्री लावते."

मितालीने मान वर केली.

"लग्न झालं तवापासून. न्हाणीचं दार लावून, पोरं यायच्या आदी."

"आणि या टाक्यांवर?" मितालीने विचारलं.

"तिथं तर दाबून लावली. ठणकत होतं ना. मिश्रीनं ठणका मरतो, असं सासू सांगायची."

जगदीश बाहेर गेले. मिताली हातमोजे काढत राहिली.

"बाई, तुम्ही आमची बोटं हुंगायचात. मिश्रीचा वास आला की घरी पाठवायचात."

सकुबाईंना वर बघवेना. "पाठवायची."

"आता आधी जखम भरू दे. मग पुन्हा हाड भरून बघू. पण मिश्री सुटली तरच. आणि हिरडी पहिल्यासारखी खाली येईल, असं नाही सांगता येत."

"सांगू नको," सकुबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पोरं ब्रश घेऊन अंगणवाडीच्या ओट्यावर बसली. दोन आठवडे तोंडावर धरलेला पदर सकुबाईंनी आज सोडला. त्या बोलायला लागल्या तसं सगळ्यांचं लक्ष दातातल्या खिंडीकडे गेलं.

"बाई, दात कुठं गेला?"

घसरून पडले म्हणून सांगता आलं असतं.

"मोडला. नवा बसणार व्हता, त्याची जागा मी मिश्री लावून घालवली."

यंदा पहिलीत जाणारी कुणाली तोंड वासून पुढे आली. तिचाही पुढचा दात नव्हता. "माजा पन गेला, बाई. आई बोलते, नवा येल. तुमचा येल?"

सकुबाईंनी तिची हनुवटी धरून आत पाहिलं. कोवळ्या हिरडीतून नव्या दाताची पांढरी कड डोकावत होती.

"तुजा आलाय बघ," त्या म्हणाल्या. "घास. हळू घास."