पुट्टीच्या डब्यातला दिवा

"मावशी, तेवढा दिवा विझवा ना. पोरं खोळंबलीत," ऋत्विक दाराशी येऊन दुसऱ्यांदा म्हणाला.

चंदना ओट्याजवळ बसून होती. तिने मान हलवली, पण ती उठली नाही. मांडीवर मोबाईल होता आणि तो गप्प होता.

जव्हारच्या मैदानावरचं घरबांधणी साहित्याचं प्रदर्शन संपलं होतं. मंडप सुटत होता. नळ, फरशा, रंगांचे नमुने खोक्यांत गेले होते. पत्र्यांच्या स्टॉलवर नुसते बांबू उरले होते. ऋत्विकच्या कंपनीने मात्र इथे अख्खं घर उभं केलं होतं. एक खोली, एक स्वयंपाकघर, तयार भिंती एकमेकींत अडकवून. ना वीट, ना पाणी मारणं. पाड्यांवरची माणसं बिचकतात, म्हणून त्यांना त्यांच्या बोलीत समजवायला साखरशेतची चंदना रोजावर ठेवली होती. अंगणवाडीत मदतनीस होती, चार माणसांत बोलायची तिला सवय. लोक येत, भिंतीवर टिचकी मारून कान लावत. एका म्हातारीने विचारलं होतं, "मधी काय भरलाय, कोंडा?" एकाला म्हशीचं शिंग लागायची काळजी होती. चंदना हसून सांगायची, आपल्या कारवीच्या कुडाच्या भिंतीला लागत नाही काय शिंग?

या भिंती तिला आधीच ठाऊक होत्या. तिचा तुषार ठाण्यात असल्याच भिंती बसवायचा, उंच इमारतीवर, कमरेला पट्टा बांधून. शेजारच्या रामीचा बाबल्याही त्याच्याच जोडीला. पोरं वर चढू लागली तेव्हापासून चंदनाने नेम धरला होता. दिवेलागणीला दिवा लागलाच पाहिजे, वात पेटेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, आणि मनात दोन नावं घ्यायची. दुसरं नाव रामीने घ्यायला लावलेलं. "तुझा देव तुझाच ऐकतोय," रामी म्हणाली होती, "माझ्या पोराचा नाव पण घाल त्याच्या कानावर. मी सांगाया गेले तर म्हणेल, आज कशी आठवण झाली बाय?"

प्रदर्शनाने पंचाईत केली. शेवटच्या जीपने साखरशेतला पोचेपर्यंत अंधार पडायचा. पहिल्याच संध्याकाळी जीव इतका घाबरा झाला, की तिने नमुन्याच्या घरातल्या कोनाड्यातलं प्लास्टिकचं फूल बाजूला सारलं आणि तिथे पणती लावली. मग रोजच लावली. ऋत्विकला आवडलं. त्याने फोटोही काढला.

आपण काय करून बसलो ते तिला आज कळलं, घर सुटं करायला आलेल्या पोरांपैकी लहान्याने स्क्रू सोडवायचं मशीन भिंतीला लावलं तेव्हा. दिवा लागला की ते घर झालं. आणि घर असं उतरवत नाहीत. तिच्या पाड्यावर जुनं घर पाडायचं तर कोपऱ्यात तांदूळ टाकून आधी दिवा बाहेर निघतो, पेटलेला. तो वाटेत विझू द्यायचा नाही, दुसऱ्या घरात नेऊन टेकवायचा. दिवा आत असताना भिंत पडली, तर त्या घरातलं माणूस पडतं, असं तिची सासू सांगायची.

या घरात कुणी माणूस नव्हतं. दोन नावं तेवढी होती.

तुषारचा फोन रोज खाली उतरल्यावर यायचा. आज आला नव्हता. तिने लावला, तर फोन संपर्काबाहेर.

"मावशी, हे सॅम्पल आहे," ऋत्विक समजावणीच्या सुरात म्हणाला. "इथे कोणी राहत नाही हो." त्याचा आवाज वाईट नव्हता. ट्रक उभा होता आणि हेच घर त्याला नाशिकला उभं करायचं होतं.

"नावं घेतलीत मी इथं," चंदना म्हणाली.

ऋत्विकला त्यातलं काही उमगलं नाही. त्याने लहान्याकडे बघितलं. लहान्या खोडाळ्याकडच्या पाड्यावरचा, त्याला ही रीत ठाऊक. त्याने कोनाड्यातली ज्योत आत्ता नीट पाहिली आणि मशीन खाली ठेवलं.

"साहेब, दिवा हाय आत. आम्ही नाय खोलणार."

दुसऱ्या पोरानेही हातमोजे काढले. मग काय करायचं, असं ऋत्विकने विचारलं, तेव्हा त्याच्या बोलण्यात चेष्टा नव्हती. थोडी भीतीच होती. लहान्या पुट्टीचा रिकामा डबा घेऊन आला. तो पुसून त्याने तळाला वाळू घातली. तांदूळ कुठून आणायचे? ऋत्विकनेच ओट्यावरची शोभेची, तांदूळ भरलेली काचेची बरणी उघडून पुढे केली.

चंदनाने मोबाईल पिशवीत ठेवला, कोपऱ्यात चिमूट टाकली, पणती वाळूत बसवली आणि डबा छातीशी धरून ती बाहेर आली. मागे मशीन सुरू झालं. तिने वळून पाहिलं नाही. तेवढ्यात मोबाईल वाजला. दोन्ही हात डब्याला होते. लहान्याने तिच्या पिशवीतला फोन काढून तिच्या कानाला लावला.

"आई, मी खाली हाय," तुषार म्हणाला. "मना काय नाय झाला."

तिला हायसं वाटलं. आणि त्याच क्षणी त्या हायसं वाटण्याचीच भीती वाटली, कारण तुषारचं सांगून संपलं नव्हतं.

बाबल्याच्या पट्ट्याचा हूक निसटला होता. तो दोन मजले खाली आला होता. इस्पितळात नेलं होतं. श्वास चालू होता, डॉक्टर अजून काही सांगत नव्हते. रामीमावशीकडे फोन नाही, तूच सांग, एवढंच तुषार पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

जीपमध्ये कुणीतरी विचारलं, "काय गं चंदनाबाय, कंपनीनं बक्षीस दिला का डबा?" मग त्याने आत डोकावलं आणि सरकून तिला आतली जागा दिली. ड्रायव्हरने न सांगता बाजूचा पडदा खाली सोडला. वळणावर ज्योत आडवी व्हायची आणि चंदना तळहात आड धरायची. रामीला सांगायचं वाक्य ती मनात जुळवत होती. 'पडला' म्हणायचं की 'लागलंय' म्हणायचं? देवाकडे काय मागायचं तेही जुळेना. रोज दोन्ही नावं घेतली होती. कुठलं आधी घेतलं होतं, ते ती स्वतःला विचारत नव्हती.

पाड्यावर तिचं घर आधी लागतं. दार बंद, आत अंधार. ती थांबली नाही.

रामी दारातल्या बल्बखाली नागली पाखडत होती. "आलीस? जव्हारच्या राजाला घर विकून आली असशील," ती म्हणाली. "डब्यात काय, रंग? माझे भिंती रंगवतंस काय?"

चंदना थेट आत गेली आणि कुडाच्या कोनाड्यात पणती टेकवली. मागे सुपाचा आवाज थांबला. पेटलेला दिवा उचलून दुसऱ्याच्या घरात कधी आणतात, ते रामीलाही माहीत होतं.

"कोणाचा घर मोडला?"

"प्रदर्शनातला," चंदना म्हणाली. ते खरं होतं, पण पुरतं नव्हतं. तिने रामीचं मनगट धरलं. "बाबल्या पडलाय. श्वास हाय. तुषार त्याच्या उशाशी बसलाय. पहाटेची गाडी धरू आपण दोघी."

 रामीने दिव्याकडे पाहिलं. तेल तळाला गेलं होतं. तिने चुलीजवळची बाटली आणून तेल ओतलं. एक ओघळ पणतीबाहेर सांडून लिंपलेल्या भिंतीवरून खाली आला. मग ती दिव्याखाली बसली.

"काय म्हणायचा असतो गं?" तिने विचारलं.

"नाव घ्यायचा. नुसता नाव."

रामीचे ओठ हलू लागले. चंदनाने मोबाईल नेऊन उंबऱ्यावर ठेवला, रेंज तिथेच यायची, आणि ती रामीला लागून बसली.