परिशिष्टातली सतरावी ओळ

ही हकीकत बाहेर सांगायची नाही, असं एका कागदावर ठरलंय. खाली अण्णांची सही आहे, आणि अटीत 'कुटुंबीय' असा शब्द असल्यामुळे मीही त्यात आले. म्हणून गावाचं नाव लिहीत नाही, काउंटीचंही नाही. आयर्लंड, डब्लिनहून तासाभरावर, एवढं पुरे. बाकी सगळं लिहिणार आहे. ज्याला नोटीस पाठवायची त्याने पाठवावी.

अण्णा म्हणजे माझे वडील, दीनानाथ. कराडकडचे. चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात रस्ते आणि मोऱ्या बांधल्या. गेल्या वर्षी मार्चमध्ये तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आले आणि आल्या आल्या नातीला, माझ्या रेवाला, शाळेत सोडायचं काम स्वतःकडे घेतलं.

आमची इस्टेट, म्हणजे घरांची वसाहत, रस्त्याच्या या बाजूला, शाळा त्या बाजूला. मुलं जिथून ओलांडतात तिथे काउंटीने, म्हणजे इथल्या जिल्हा परिषदेने, फुटपाथला उतार करून दिला होता, बाबागाडी आणि व्हीलचेअर उतरावी म्हणून. केला तो अर्धवट. कडेला चार बोटांचा खड्डा ठेवला. पाणी साचलं की खड्डा दिसायचा नाही, आणि इथे पाणी कधी साचत नाही ते सांगा. मी तीन ईमेल केले. तिन्हींना एकच उत्तर आलं: नोंद घेतली आहे.

एप्रिलमध्ये अण्णांचा पाय त्या खड्ड्यात गेला. खुब्याचं हाड मोडलं. पडताना त्यांनी रेवाचा हात सोडला, ती भेलकांडून रस्त्यात गेली, आणि एक व्हॅन तिच्यापासून हातभर अंतरावर थांबली. रेवा नऊ वर्षांची आहे. ही हातभर जागा मी अजून मोजते आहे.

मी ज्या कारखान्यात काम करते तिथे कृत्रिम खुबे बनतात. मी तपासणीत आहे. एका तुकड्यावर केसाएवढा ओरखडा दिसला तर अख्खी खेप बाजूला काढतो, आणि कुठे चुकलं ते शोधून मशीन दुरुस्त करतो. अण्णांना आता तसलाच खुबा बसवलाय. उपचारासाठी त्यांची राहण्याची मुदत वाढवून मिळाली.

काउंटीवर दावा वकिलाने लावला. अण्णांचं म्हणणं पहिल्या दिवसापासून एकच होतं. "मला पैसं नकोत. उतार नीट करा, दोन्ही अंगानं. पोरं तिथनंच जात्यात."

वकील हसला. विमा कंपनी पैसे देते, उतार देत नाही, म्हणाला.

मग डिसेंबरात उपेंद्र घरी आला. उपेंद्र सबनीस, आमच्या भागाचा कौन्सिलर, काउंटीतला पहिला मराठी. इथे राहणाऱ्या कुणालाही स्थानिक निवडणुकीत मत देता येतं, नागरिकत्व लागत नाही. त्याच्यासाठी मी सहा रविवार दारोदार पत्रकं वाटली होती. निवडून आल्यावर इथल्या मराठी मंडळाने त्याला शाल-श्रीफळ दिलं, तेव्हा आभार मीच मानले. मंडळाची सेक्रेटरी मीच.

चहा घेत तो म्हणाला, "ताई, तडजोडीच्या कागदावर सही करून टाका. केस चालू आहे तोवर काउंटी त्या उताराला हात लावणार नाही. लावला तर चूक कबूल केल्यासारखं होतं. केस मिटली की कामांच्या यादीत मी स्वतः घालतो. जानेवारीची मीटिंग."

"नक्की?"

"आपलाच माणूस आहे ना मी?"

अण्णा वॉकर धरून दारात उभे होते. "लिहून घे त्याच्याकडनं," ते म्हणाले.

मला लाज वाटली. उपेंद्रसमोर म्हणाले, "अण्णा, हे भारत नाही. इथे असं नसतं."

उपेंद्र हसला. अण्णाही हसले, पण वेगळं. तो गेल्यावर म्हणाले, "आगं, माणसं जिथं ठराव करत्यात तिथं सगळीकडं सारखीच असत्यात. कोट तेवढा निराळा."

अण्णांनी दुसऱ्या आठवड्यात सही केली. मराठीत, लफ्फेदार. चूक कुणाचीही नाही, रक्कम अमुक, आणि गप्प बसायचं.

जानेवारीच्या मीटिंगला मी सुट्टी घेतली. अण्णा म्हणाले, मीबी येतो, हितली सभा बघायची हाय मला. मागे लोकांसाठी दोन रांगा असतात. बसता येतं, बोलता येत नाही. भिंतीवर जुन्या सभापतींचे फोटो. अण्णा मला म्हणाले, "फोटोसुदिक आपल्यावानीच की गं."

सभापती बाई कामाच्या भलत्याच झपाट्याच्या. विषय वाचायच्या, सूचक कोण विचारायच्या, एक हात वर. अनुमोदक कोण, दुसरा हात वर. सगळ्यांना मान्य? मग "ग्रँड" म्हणून पुढचा. आमच्या घरी कुकर लावताना मी याहून जास्त विचार करते.

मागच्या मीटिंगचं इतिवृत्त कायम झालं, ग्रँड. मग विमा आणि दाव्यांचा अहवाल. त्यावर मत नसतं, फक्त नोंद घ्यायची असते, कारण तडजोड अधिकारी करतात आणि निवडून आलेली मंडळी ती बघतात. अण्णांचा खुबा तिथे एका आकड्याने होता. पादचारी, पडणे, मिटवले. कुणी वरसुद्धा पाहिलं नाही. नोंद घेतली. ग्रँड.

पुढचा विषय रस्त्यांची वर्षाची कामं. पडद्यावर मोठ्या कामांची चित्रं येऊ लागली, नदीकाठचे दिवे, बाजारातल्या फरश्या. मी आमच्या शाळेची वाट बघत होते. अण्णांनी चष्मा लावून हातातल्या कागदांची शेवटची पानं काढली.

"अण्णा, तिकडे बघा, पडद्यावर."

"पडद्यावर दाखवायचं असतं. काम परिशिष्टात असतंय." बोट खाली सरकत गेलं आणि थांबलं. "ही शाळा आपलीच न्हवं?"

परिशिष्ट ब, ओळ सतरा. शाळेचं नाव. सदोष उतार काढून टाकणे, कडा पूर्ववत उभी करणे, गवत लावणे.

मी दोनदा वाचलं. तोवर सूचकाचा हात वर जाऊन खाली आला होता.

"अनुमोदक?"

उपेंद्रने हात वर केला. चांगला वरपर्यंत.

"मान्य? ग्रँड."

अण्णा उठायला लागले. नवा खुबा, वॉकर, वेळ लागतो. उभे राहून मराठीत खणखणीत म्हणाले, "थांबा! ओळ सतरा वाचून दाखवा!"

सगळं सभागृह वळलं. सभापती बाई अगदी मायेने म्हणाल्या, सर, बसून घ्याल का, पाणी हवं का. शिपाई पाणी घेऊन आला. म्हाताऱ्याला चक्कर आली असावी, असं सगळ्यांनी ठरवलं. उपेंद्र समोरच्या फायलीत काहीतरी शोधत राहिला. आम्हां दोघांखेरीज ज्याला मराठी कळत होतं असा सभागृहात तो एकटाच होता.

मीटिंग संपल्यावर मी त्याला गाड्यांपाशी गाठलं.

"काय हो, हे यादीत घातलंत?"

"ताई, आवाज कमी. कायदा समजून घ्या. काउंटीने रस्त्यावर काही केलंच नाही, तर जबाबदारी येत नाही. केलं आणि वाईट केलं, तर येते. वकिलांचा सल्ला असा आला, की दुरुस्त करून जबाबदारी परत अंगावर घेण्यापेक्षा उतारच नको."

"म्हणजे मुलांनी कुठून जायचं?"

"दोनशे मीटरवर सिग्नल आहे ना."

"तिथपर्यंत फुटपाथ आहे?"

त्याने गाडीचं दार उघडलं.

"तुम्ही विरोध का नाही केलात? निदान हात तरी खाली ठेवायचात."

"एकट्याने विरोध करून काय झालं असतं? आणि पुढचा विषय काय होता ते ऐकलंत ना? कम्युनिटी हॉलचं अनुदान. गणपतीचं स्टेज, लाइट, साउंड. त्याला मला यांची मतं हवी होती." मग गाडीत बसता बसता, "अनुदानाच्या अर्जावर सही तुमचीच आहे, ताई."

होती. सप्टेंबरात केली होती. शाई निळी होती, तेही आठवलं.

अण्णा गाडीत बसून ऐकत होते. परतताना म्हणाले, "आमच्याकडं काम न करता बिल काढायचे. हितं काम काढायचं बिल काढत्यात. सुधारणा हाय."

मार्चमध्ये माणसं आली. अण्णा खिडकीतून बघत होते, राहवेना म्हणून वॉकर घेऊन बाहेर जाऊन उभे राहिले. एका दिवसात उतार उखडला, दगडी कडा ओळीत बसवली, दोरी लावून, लेव्हल बघून. माती दाबली, बी पेरलं. त्या जागी केलेलं पहिलं चोख काम ते. अण्णांनी तिथल्या मुकादमाशी हात मिळवला. घरी येऊन म्हणाले, "झ्याक केलंय. आता हितं कोण पडलं तर दोष कुणाचाच न्हाय."

दुसऱ्या दिवसापासून आया बाबागाड्या उचलून रस्त्यात टेकवू लागल्या. रेवाच्या वर्गात एक व्हीलचेअरवरची मुलगी आहे. तिचा बाप खुर्ची मागे झुकवून मुलीला पाठमोरी खाली उतरवायचा, येणाऱ्या गाड्यांकडे पाठ करून. तीन दिवस मी हे बघितलं. शिव्या मला मराठीत आठवतात, त्या दिल्या.

शनिवारी अण्णा मुकुलला म्हणाले, "जावईबापू, तयार काँक्रीटची पोती मिळत्यात का हितं?"

मुकुलचा चेहरा उतरला. "अण्णा, आमचे नागरिकत्वाचे अर्ज गेलेत. काही भानगड झाली तर..." माझ्याकडे बघून, "योगिनी, सांग ना त्यांना."

मी सांगितलं, सहा पोती लागतील.

तो घरभर फिरला, दोनदा चहा केला, एकदाही प्यायला नाही. मग गाडीची किल्ली उचलली.

रविवारी सकाळी सातला आम्ही सुरू केलं. अण्णा फुटपाथवर खुर्ची टाकून बसले. मी कालवलं, मुकुलने ओतलं. "पातळ करू नको! बारा इंचाला एक इंच, त्याच्यावर चढ नको! कडेला मार, कडेला, तिथंच राहतंय!" ती कडा त्यांनी माझ्याकडून चार वेळा करून घेतली. व्हीलचेअरवाल्या मुलीचा बाप आला आणि त्याने दुसरी थापी धरली. रेवा म्हणाली, "Is this even allowed, Aajoba?"

"न्हाय," अण्णा म्हणाले. "पाणी आण."

गुरुवारी काउंटीचं पत्र आलं. तीन ईमेलना वर्ष लागलं होतं, याला चार दिवस. विनापरवाना बांधकाम, चौदा दिवसांत काढून टाका. संध्याकाळी उपेंद्रचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला.

"ताई, काय केलंत हे? काढून टाका बरं. उद्या कुणी पडलं तर जबाबदारी तुमची होईल, कळतंय का? कायद्याने तुमची."

अण्णा जेवत होते. घास खाली ठेवून म्हणाले, "त्याला म्हणावं, घेतली."

"काय म्हणाले काका?"

"जबाबदारी घेतली. लिहून देतो. पेन दे गं."

पत्राच्या मागच्याच बाजूला त्यांनी लिहिलं. उतार आम्ही केला. मापं अशी. कुणाला इजा झाल्यास खालील सही करणार जबाबदार. दीनानाथ, शाखा अभियंता, निवृत्त. बाजूला कंसात, सूचक. मग कागद माझ्याकडे सरकवला. अनुमोदक म्हणून मी सही केली. मुकुल अजून ठरवतोय.

चौदा दिवसांतले नऊ झालेत. उतार आहे.