कोकिळाची भिंत

"आबा, थांबा! काय करून राहिले तुम्ही?"

प्रतिभा ओल्या हातांनीच स्वयंपाकघरातून अंगणात धावली, पण सुनेला उशीर झाला होता. देवरामआबांनी वेली गुलाबाची शेवटची जाड फांदी बुडापासून कापली होती. भिंतीशी हिरवे कोंब तेवढे उरले होते.

"साफसफाई," आबा घाम पुसत म्हणाले. कित्येक महिन्यांनी त्यांना जरा बरं वाटत होतं. "फुलून गेलेलं लाकूड ठेवून काय फायदा? नवी पिलं जोर धरतीन आता."

फोपनार गावच्या केळीबागेत उभा जन्म गेलेला माणूस. घड उतरला की खोड कापायचं आणि शेजारी फुटलेलं पिल वाढवायचं, हातांना दुसरं काही ठाऊकच नव्हतं. गुलाब मात्र कोकिळाचा, त्यांच्या बायकोचा. तिच्या वडिलांना नेपानगरच्या मिलचं क्वार्टर होतं, तिथून लग्नानंतर तिनं काडी आणून लावली होती. फांद्या वर जाऊ न देता ती भिंतीवर आडव्या वाकवायची आणि केळीच्या वाळलेल्या सोपटाच्या पट्ट्यांनी खिळ्यांना बांधायची. "सरळ वर गेल्या तर फुलं पत्र्यावर येतीन. पाहीन कोण?" आबा हसायचे, काट्यांचं पीक म्हणायचे. तांब्याभर पाणी त्यांनी कधी घातलं नाही. गेल्या माघात अख्खी भिंत गुलाबी झालेली असताना ती दवाखान्यात वारली. शेवटचं बोलली ते एवढंच, "माझ्या गुलाबाकडे पाहजा."

म्हणून तर आज आबांनी विळा हातात घेतला होता.

"आबा," प्रतिभा हळूच म्हणाली, "याच्या जुन्या फांदीलेच फुलं येतात. आई त्या कधी कापतच नव्हत्या."

"येतीन नव्यालेही," आबा म्हणाले, पण विळा त्यांनी खाली ठेवला.

हिवाळाभर त्यांनी पाणी घातलं, शेणखत घातलं. कोंब पुरुषभर वाढले, पानं तजेलदार झाली, कळी मात्र एकही धरली नाही. रोज चहाच्या आधी ते भिंत पाहून येत.

माघात वर्षश्राद्ध आलं. ललितनं, मुलानं, बऱ्हाणपूरहून झेंडूचा हार आणून आईच्या फोटोला घातला. तिच्या भिंतीवरचं एक फूल तिला वाहायचं, एवढंच आबांच्या मनात होतं. पंगत उठल्यावर ते फोटोसमोर बसले.

"केळ समजलो मी त्याले," ते म्हणाले, आणि वर्षभर न रडलेला माणूस पोरासारखा रडला.

संध्याकाळी ते बागेतून सोपट घेऊन आले. "प्रतिभा, सासू कशी बांधे तुही?"

"ढिलं. मधात बोट गेलं पाहिजे."

आबांनी एक कोंब हलक्या हातानं वाकवला. काटा तळव्यात रुतला, तरी फांदी मोडेल म्हणून त्यांनी हात सोडला नाही. जुन्या फांद्या ओढून काढल्या होत्या, पण कोकिळाच्या गाठी खिळ्यांवर तशाच लोंबत होत्या, रिकाम्या. प्रतिभा त्या सोडायला लागली.

"राहू दे त्या," आबा म्हणाले, आणि त्यांनी आपली गाठ तिच्या गाठीशेजारी बांधली.